गोमाजीदादाच्या पायाचं माप

गोमाजीदादा राहायचा कोलशेतला, खाडीच्या काठी. घर कोळ्याचं, नोकरी रंगाच्या कारखान्यातली. मी डोंबिवलीचा. मराठी घेऊन बी. ए. झालो होतो आणि त्याच कारखान्याच्या टाइम ऑफिसात हंगामी कारकून म्हणून लागलो होतो. सत्त्याऐंशी साल होतं.

कामाला लागून चार-पाच दिवस झाले असतील. ठाण्याला माझी बस चुकली. मी चालत निघालो. मागून एक काळी सायकल आली. हँडल उलटं बसवलेलं. त्याला दोन जड बूट नाडीने बांधून लटकवलेले. चालवणारा अनवाणी.

"टाइम ऑफिसातला नवा ना तू?" त्याने विचारलं. "बस मागं."

मी बसलो. पुढचं नीट आठवत नाही. वारा आठवतो. माजिवड्याच्या पुढे माझी चुकलेली बस दिसली. ढोकाळीला ती आमच्या मागे होती. ड्रायव्हर ओळखीचा असावा. त्याने खिडकीतून हात काढून गोमाजीदादाला एक शिवी दिली. गोमाजीदादाने ती हसत घेतली.

गेटवर उतरलो तेव्हा मला धाप लागली होती. पेडल मी मारलंच नव्हतं, तरी.

"रोज एवढ्या जोरात चालवता?"

"आज हळू आणली. तू पडशील म्हणून."

त्याने हँडलचे बूट सोडले, पायांत कोंबले आणि चेहरा वाकडा करून आत गेला. ते कारखान्याचे बूट होते. लोखंडी नाकाचे. कामावर घालावेच लागत. सुटी झाली की तो ते गेटवरच काढायचा आणि पुन्हा हँडलला बांधायचा.

त्याच्या वेगाचं कारण मला नंतर कळलं. त्याची बायको मनुबाई ठाण्याच्या बाजारात मासळी विकायची. रोज सकाळी तो तिला सोडायला जायचा. मनुबाई कॅरिअरवर, टोपली मनुबाईच्या डोक्यावर, टोपलीतलं बर्फाचं पाणी गोमाजीदादाच्या पाठीवर. माशाला ऊन लागायच्या आत पोचायचं. असं लग्न झाल्यापासून चाललेलं. एवढं ओझं घेऊन जो माणूस उडतो, तो ओझं उतरल्यावर काय करील, हे मी त्या सकाळी पाहिलं होतं.

मला तो 'बीए' म्हणायचा. नाव त्याने कधी विचारलंच नाही.

---

दर सव्वीस जानेवारीला ठाण्यातलं एक सायकल मंडळ शर्यत भरवायचं. कापूरबावडीहून सुटायची. कळवा, मुंब्रा, शीळफाटा, मग मानपाड्यावरून कल्याण, दुर्गाडीचा पूल, कोन, कशेळीचा पूल आणि परत कापूरबावडी. खाडीला एक पूर्ण वेढा. गोमाजीदादा तीन वर्षं त्यात उतरत होता. अनवाणी.

तिन्ही वर्षं एकच झालं. शीळफाट्यापर्यंत तो पुढच्या टोळक्यात. दुर्गाडीला पोचेस्तो तळवे गेलेले. लोखंडी पेडलला दात असतात. त्यावर त्याने सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून पाहिली, चिंध्या गुंडाळून पाहिल्या. दुर्गाडीनंतर पोरं त्याला मागे टाकायची. कशेळीच्या पुलावर त्याचं सगळं गाव उभं असायचं आणि गावासमोरून तो टाचेने पेडल मारत, लंगडत जायचा.

"हसतात?" मी विचारलं.

"नाय रं. हसले असते तर बरं. गप ऱ्हातात."

शर्यतीला वयाची अट होती. पंचेचाळीसच्या आत. कोळीवाड्यात शाळेत नाव घालताना गुरुजींनी त्याची जन्मतारीख एक जून टाकून दिली होती. त्या हिशेबाने येत्या जूनला तो पंचेचाळीसचा होणार होता. म्हणजे ही जानेवारी शेवटची.

डिसेंबरात आम्ही दोघं नाव द्यायला नौपाड्यात त्र्यंबक सरांकडे गेलो. त्र्यंबक सर म्हणजे मंडळाचे सेक्रेटरी, निवृत्त पीटी शिक्षक. पांढरी पँट, पांढरा शर्ट, चकचकीत काळे बूट. घरातही.

त्यांनी गोमाजीदादाच्या पायांकडे पाहिलं.

"गोमाजीराव, यंदा अनवाणी चालणार नाही. गेल्या वर्षी शीळफाट्याला एका मुलाचं बोट चेनमध्ये गेलं. मी त्याच्या आईला तोंड दाखवू शकलो नाही. बंद बूट हवेत. चप्पल नाही, सँडल नाही. सुरुवातीला मी स्वतः तपासणार."

"माझं बोट कधी गेलं नाय, सर."

"नियम तुमच्या बोटासाठी वेगळा कसा करू?"

ते रागावले नव्हते. म्हणूनच बोलायला जागा नव्हती.

बाहेर आल्यावर गोमाजीदादा सायकलला टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "बीए, मना बूट घेवाचे हायत."

त्याच्या तोंडून ते असं आलं, जणू कुणी हत्ती घ्यायचाय म्हणावं.

---

अडचण पायाची होती. मी तो पाय पहिल्यांदा नीट पाहिला तो ठाण्याच्या एका दुकानात. लांबीला तो माझ्या पायाएवढाच. रुंदीला दीडपट. बोटं एकमेकांपासून लांब, प्रत्येक आपापल्या वाटेने गेलेलं. अंगठा तर साफ वेगळा.

"लहानपणापासून चिखलात चालतो ना," तो म्हणाला. "निवट्या मासे पकडायला. बोटं पसरली नायत तर मांडीपर्यंत आत."

दुकानदाराने आठ नंबर आणला. बोटं आत जाईनात. दहा आणला. बोटं गेली, मागे अर्धा बूट रिकामा. गोमाजीदादाने तो उचलून वजन केल्यासारखा हातात तोलला.

"यो बूट नाय. होरी हाय. यात बसून मी कल्याणला जाईन."

होरी म्हणजे होडी. दुकानदारही हसला. शेवटी त्याने कॅनव्हासचे पांढरे बूट काढले, शाळेत पीटीला घालतात तसले. कापड ताणलं जातं. तळ मऊ रबराचा. गोमाजीदादा दुकानात इकडून तिकडे चालला. चेहरा उजळला.

"गादी हाय, बीए!"

स्वस्तही होते. घेतले. दोघंही खूश. मी तर त्याला चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी तो टाइम ऑफिसच्या खिडकीशी आला. चेहऱ्यावर गादी नव्हती.

"कशेळीपर्यंत जाऊन आलो. पेडलला किती दात हायत, मी तुना डोळे मिटून सांगतो."

मऊ तळाची खोड तीच होती. चालताना सुख. पेडलवर तोच तळ प्रत्येक दाताला वाट करून देत होता. वर करंगळीशी कापड फाटलं होतं आणि करंगळी बाहेर डोकावत होती.

मनुबाईने ते बूट ठेवून घेतले. बाजारात बर्फाच्या पाण्यात उभं राहायला तिला ते झकास झाले. पुढे कित्येक दिवस ती नऊवारी आणि पांढरे पीटीचे बूट अशी पापलेटं विकत बसलेली असायची. शेजारच्या कोळणी तिला 'मास्तरीण' म्हणू लागल्या.

---

कल्याणच्या बाजारात एक दुकान मला माहीत होतं. परदेशी पाठवायला केलेला आणि तपासणीत नापास झालेला माल तिथे मिळायचा. कुठे शिवण वाकडी, कुठे रंग कमी. किंमत निम्मी.

मी म्हटलं, ट्रेनने जाऊ. तो म्हणाला, नाय. कोलशेतहून कल्याणपर्यंत तो सायकल हाणत आला. दुकानात शिरला तेव्हा घामाने निथळत होता.

"एवढं कशाला?" मी म्हटलं.

"पाय फुगला पायजे ना. शर्यतीत काय मी थंड पाय घेवून जाणार हाय?"

दुकानदाराने चामड्याचे बूट दाखवले. तपकिरी, जाड तळाचे, नाडीचे. गोमाजीदादाने आधी तळ दोन्ही हातांनी वाकवून पाहिला. फारसा वाकला नाही. तो मान डोलावत राहिला. मग बूट घातले आणि स्टुलावर बसून दोन्ही पाय हवेत गोल गोल फिरवू लागला. दुकानातली माणसं थांबली.

"भाऊ, चलके देखो ना," दुकानदार म्हणाला.

"चालून काय कलनार? मना चालाचं नाय."

तळ पसंत पडला. लांबी बरोबर होती. रुंदीला मात्र बूट दोन्ही बाजूंनी पाय आवळत होता.

"चमडा है. आठ-दस दिन में खुल जाएगा," दुकानदार म्हणाला.

मी गोमाजीदादाकडे पाहिलं. तो बुटाकडे पाहत होता. त्याला तो तळ सोडवत नव्हता. त्याने कनवटीचा पिशवीसारखा रुमाल सोडला आणि मनुबाईने बाजूला ठेवलेले सगळे पैसे गल्ल्यावर ठेवले. परतताना त्याने बूट घातले नाहीत. शर्टाच्या आत छातीशी ठेवून सायकल चालवली.

---

त्या रविवारी मी कोलशेतला गेलो. मनुबाई अंगणात जाळं पसरून बसली होती. शेजारी गोमाजीदादाची आई, दगडाबाई, कोळंबी सोलत होती.

"दादा कुठाय?"

"धक्क्यावर," मनुबाई म्हणाली. "तुज्या बुटांची वाट बघतोय."

मला अर्थ कळला नाही. धक्क्यावर गेलो. ओहोटी लागली होती. गोमाजीदादा उकिडवा बसून हातातला दोर ओढत होता. दोराच्या टोकाला, खाडीच्या करड्या पाण्यातून, ते दोन तपकिरी बूट वर आले. चिखलाने भरलेले. एका बुटातून चिमुकली चिंबोरी बाहेर पडली आणि तिरकी धावत पाण्यात गेली.

मी बुटांकडे बघत राहिलो.

"काय बघतोस?" तो म्हणाला. "नवा दोर आधी भरतीत भिजवावा लागतो. मग ताणून सुकवाचा. तसाच वापरलास तर कामावर आखडतो, दगा देतो. दोराला एक न्याय, बुटाला दुसरा?"

त्याच्या बोलण्यात इतका विश्वास होता की मला ते पटलं. मराठीच्या पेपरात असल्या विश्वासाला मी पैकीच्या पैकी गुण दिले असते.

बूट धुतले. रुंदी वाढावी म्हणून त्यांत त्याने गोल धोंडे ठासून भरले. मग दोन्ही बूट सुकत घातलेल्या मासळीशेजारी बांबूवर टांगले. वर निळं आकाश, खाली ओळीने बोंबील, आणि शेवटी माझ्या मित्राचे बूट. तीन मांजरी खाली बसून कुठला आधी उतरतो याची वाट पाहत होत्या.

शर्यतीला आठवडा राहिला तेव्हा बूट उतरवले. धोंडे काढायला हातोडी लागली. गोमाजीदादाने बुटावर बोटाने टकटक केलं. दारावर करावं तसा आवाज आला. मीठ चामड्यात मुरून सुकलं होतं. बुटाचं लाकूड झालं होतं. नाडीच्या भोकांपाशी चामडं तडकलं होतं. आणि बूट रुंद झालाच नव्हता, उलट आखडला होता.

त्याने पाय घालायचा प्रयत्न केला. अर्ध्यावर अडकला. त्याने जोर केला. मग सोडून दिलं.

तो ओट्यावर बसला. बूट शेजारी. दुसरी जोडी घ्यायला घरात पैसे नव्हते. दगडाबाईने बूट नाकाशी नेला.

"बोंबलाचा वास येतो गो," ती सुनेला म्हणाली. "कालवण कर त्याचं."

मनुबाई फस्सकन हसली. मग मी. गोमाजीदादा हसला नाही.

"हसा. शेवटची शर्यत होती."

मनुबाईने हसणं थांबवलं. बूट हातात घेतला. तळ वाकवून पाहिला. ढिम्म. तळावर तिने आपला सगळा भार टाकला. तरी ढिम्म.

"आवो, बुटाचा तळवा कसा पायजे होता तुमाला?"

"घट."

"मग यो बघा. फळी झालीय फळी. पेडलचे दात मोडतील, तळवा नाय मोडणार. वरचाच नडतो ना? मग वरचा कापा."

"नवा बूट कापाचा?"

"फाटलेलं जालं टाकून देता का तुमी?"

त्याने वर पाहिलं. मनुबाई उठली आणि कोयती घेऊन आली.

---

पुढचा तास मी ओट्याच्या कोपऱ्यात बसून पाहिला. आजही डोळे मिटले की दिसतो.

तिने बुटाच्या दोन्ही बाजू कापल्या. करंगळीकडची, अंगठ्याकडची आणि वरचा नाडीचा भाग. राहिला तळ, टाच आणि पुढचं नाक. कापलेल्या कडेला गोमाजीदादाने तापवलेल्या खिळ्याने ओळीने भोकं पाडली. चामड्याचा धूर आणि मासळीचा वास मिळून जे झालं, त्याने मांजरी वेड्या झाल्या.

मग मनुबाईने जाळ्याची सुई घेतली. तिच्यात पांढरा नायलॉनचा दोरा भरला.

"कसलं घालू? बोयटाचं?"

"बारीक घाल. सर तपासणार हायत."

"करंदीचं घालते."

म्हणजे सगळ्यात बारीक डोळ्यांचं जाळं. करंदी ही नखाएवढी कोळंबी, बोयट हा तिच्याहून मोठा मासा.

गोमाजीदादा बसून पाय पुढे करू लागला. मनुबाईने त्याच्या गुडघ्यावर चापट मारली.

"उभे ऱ्हा. बसलेला पाय खोटा. भार द्या."

तो उभा राहिला. भार दिला. कापलेल्या बाजूंतून पाय आपसूक पसरला. बोटं सुटी झाली. करंगळी बाहेर आली, अंगठा आपल्या वाटेने गेला. आणि पाय जिथे थांबला तिथे मनुबाईने जाळं विणायला घेतलं. पायाच्या बाजूने. पायाच्या हिशेबाने. आजवर प्रत्येक दुकानात पाय बुटात घालायचा प्रयत्न झाला होता. इथे पाय आधी उभा राहिला आणि बूट त्याच्याभोवती आला.

सुई आत, बाहेर, गाठ. आत, बाहेर, गाठ. ती बोलत होती, सासूला कोळंबीचं विचारत होती, मांजरीला हाकलत होती. हात थांबत नव्हते.

"आवळतं का?"

"नाय."

"आता?"

"अगो नाय. गुदगुल्या होतात."

एक अडचण राहिली. नाडी उरली नव्हती. वरचा भाग उघडा ठेवला तर पाय निसटणार. मनुबाईने क्षणभर विचार केला.

"शर्यतीच्या दिवशी पाय घाला. वरून मी गाठी मारीन. मग सुटायचा प्रश्नच नाय."

---

सव्वीस जानेवारी. कापूरबावडीला झेंडावंदन झालं. थंडी होती. रस्त्याच्या कडेला मनुबाई सुई घेऊन बसली होती आणि गोमाजीदादाचे पाय तिच्या मांडीवर होते. शेवटची गाठ तिने दातांनी घट्ट केली.

त्र्यंबक सर रांगेतून पायांकडे बघत येत होते. गोमाजीदादापाशी थांबले. चष्मा सारखा केला. वाकले.

"हे काय?"

"बूट, सर."

"गोमाजीराव, बंद बूट म्हटलं होतं. यांना तर भोकं आहेत."

"बंदच हायत. यातून करंदी जाणार नाय, सर. माझं बोट कुठून जाईल?"

आजूबाजूची पोरं खिदळली. सरांनी खिदळणाऱ्यांकडे पाहिलं. मग स्वतःची करंगळी पुढे केली आणि जाळीच्या एका डोळ्यात घालून पाहिली. गेली नाही. दुसऱ्यात घालून पाहिली. गेली नाही. त्यांनी तळ ठोकला. टक टक.

"एकदा काढून दाखवा."

"निघत नायत."

"म्हणजे?"

"शिवलेत, सर," मनुबाई म्हणाली. "पायावर. एवढं बंद कुणाचं हाय बघा बरं या रांगेत."

सर तिच्याकडे पाहत राहिले. तिच्या पायांत ते पीटीचे पांढरे बूट होते. पीटी शिकवण्यात सरांचा जन्म गेला होता. ते बूट पाहून त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. त्यांनी वाकून हुंगलं.

"आणि हा वास?"

"तो नियमात नाय," गोमाजीदादा म्हणाला.

त्र्यंबक सर मोठ्याने हसले. मी त्यांना हसताना तेव्हाच पाहिलं. "चला, उभे राहा रांगेत," ते म्हणाले आणि पुढच्या पायांकडे वळले.

मनुबाईने सुई केसांत खोचली.

---

पॅकिंग खात्यातल्या गोपीनाथची स्कूटर होती. तिच्या मागे बसून मी शर्यतीमागे गेलो.

मुंब्र्यापर्यंत तो पुढच्या टोळक्यात होता. ते नवीन नव्हतं. शीळफाट्यालाही होता. तेही नवीन नव्हतं. रस्त्यातली कुत्री मात्र नवीन होती. प्रत्येक नाक्यावरची कुत्री बाकी सगळ्या सायकली सोडून फक्त गोमाजीदादाच्या मागे लागत. मानपाड्याला चार जणांची फौज त्याच्या पायांशी धावत होती. तो त्यांना ओरडून सांगत होता, "मनुबाईला विचारा! मनुबाईला!"

"यांच्यामुळेच पळतोय हा," गोपीनाथ म्हणाला.

कल्याण आलं. दुर्गाडीच्या पुलाआधी गोपीनाथने स्कूटर त्याच्या बाजूला घेतली. मी पायांकडेच बघत होतो. तीन वर्षं इथेच त्याची टाच पेडलवर आली होती. आज चवडा पेडलवर होता. पांढऱ्या जाळीत बोटं हलत होती. एकेक, सुटी सुटी.

"दादा, तळवे?" मी ओरडलो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. चेहरा असा, की कुणी त्याला मोठी बातमी दिलीय आणि ती अजून पटत नाही.

"दुखत नायत रं!"

"काय?"

"दुखतच नायत! आता काय करू?"

"पुढे जा!" गोपीनाथ आणि मी एकदम ओरडलो.

तो गेला. कोनच्या पुढे त्याने एक पोरगा मागे टाकला. मग दोन. त्यांचे बूट महागाचे होते. एकजण पाय पेडलवरून काढून झटकत होता, पायाला मुंग्या आल्यासारखा. गोमाजीदादा त्याला काहीतरी बोलून गेला. नंतर कळलं, त्याने विचारलं होतं, "बारीक घातलेस का रं बूट? एक नंबर मोठा घेवाचा."

कशेळीचा पूल आला. दोन्ही कठड्यांना गाव उभं होतं. बाया, पोरं, म्हातारे, काही जण खाली होडीत. पुलाच्या टोकाला सायकली दिसल्या तशी सगळी माना वर करून बघू लागली. दरवर्षीची सवय. तो लंगडत येणार म्हणून तोंडं आधीच मिटलेली.

तो लंगडत आला नाही. तो वाकून, उलट्या हँडलला धरून, पोरांच्या घोळक्यातून आला आणि पुलाच्या मध्यावर घोळक्याच्याही पुढे निघाला. एक क्षण कुणाला कळलंच नाही. मग कुणीतरी किंचाळलं, "गोमाजी हाय रं! गोमाजी!" आणि पूल फुटला. बाया पदर हलवत होत्या. खालच्या होडीतल्यांनी वल्ह्यांनी होडी बडवायला घेतली. दगडाबाईला दोघांनी कठड्यावर उचलून धरलं होतं. तिला नीट दिसत नव्हतं. ती दुसऱ्याच एका पोराला हात करून ओरडत होती, "जा माज्या राजा!" त्या पोराने दचकून वेग वाढवला.

मी साहित्य वाचलेला माणूस. आनंद या विषयावर मी परीक्षेत चार पानं लिहिली होती. त्या पुलावर मला एक शब्द सुचला नाही. मी नुसता गोपीनाथच्या पाठीवर बुक्के मारत होतो.

---

तो सहावा आला. बक्षीस तिघांनाच होतं. त्याने आपला क्रमांक विचारला नाही. मला दुसऱ्यांनी सांगितला. तो फुटपाथवर बसून आल्या-गेल्याला पाय दाखवत होता. पलीकडे कल्याणचा पहिला आलेला पोरगा बूट काढून अंगठ्यावर फुंकर घालत होता. त्र्यंबक सर येऊन उभे राहिले.

"पुढच्या वर्षी पंचेचाळीसच्या वरच्यांचा गट काढावा म्हणतो," ते सहज म्हणाले. "तीन-चार नावं मिळाली पाहिजेत."

"एक घ्या," गोमाजीदादा म्हणाला.

मग कोलशेत. बूट निघत नव्हतेच. दारात दगडाबाईने काठी आडवी धरली. घरात देव होते. बूट घालून आत पाऊल नाही. म्हणून तो उंबऱ्यावर बसला. अंग आत, पाय बाहेर. अर्धा कोळीवाडा अंगणात. पोरं जाळीवरून बोट फिरवून बघत होती. मांजरी तर होत्याच.

मी कोयती पुढे केली. "कापून टाका वहिनी. दमलाय तो."

"कापाचं नाय. दोरा नवा हाय," मनुबाई म्हणाली. आणि सुईच्या टोकाने एकेक गाठ सोडवायला बसली.

वेळ लागला. कुणाला घाई नव्हती. शेवटची गाठ सुटली आणि पाय बाहेर आले. लाल झालेले, जाळीची नक्षी उमटलेले, पण कुठे फोड नाही, कुठे रक्त नाही. तो उठला. अंगणभर अनवाणी चालून आला. पुन्हा उंबऱ्यावर बसला. बुटांकडे बघत राहिला.

"काय?" मनुबाई म्हणाली.

"काय नाय."

"बोला ना."

त्याने पाय हळूच पुढे केला.

"परत बांध ना. कशेळीच्या पुलापर्यंत जाऊन येतो. घाईत नीट बगताच नाय आला."

"मेल्या, आताच सोडले!" दगडाबाई आतून ओरडली.

"जेवा आधी," मनुबाई म्हणाली.

तो जेवला. भरभर. तोपर्यंत मनुबाईने सुईत दोरा भरून ठेवला होता.